जॅकखालचा पाट

नवस, कौल, अंगारा या गोष्टींवर माझा फारसा विश्वास कधी नव्हता. देव आहे, हे मानत होते. पण तो आपल्याशी देण्याघेण्याचे सौदे करत बसतो, हे मला पटत नसे. माझ्या सासूबाईंचं मात्र उलट. त्या तोरणमाळच्या नाथबाबांशी असं बोलत, की भाजीवाल्याशी घासाघीस चालली आहे असं ऐकणाऱ्याला वाटावं. मला सुरतेच्या दवाखान्यात नेलं, पोटातली मोठी गाठ काढायची होती आणि डॉक्टरांनी काही खरं सांगता येत नाही म्हटलं, तेव्हा इकडे कोरीटच्या घरात त्यांनी ओट्यावर उभं राहून तोरणमाळच्या दिशेनं हात जोडले आणि नवस बोलून मोकळ्या झाल्या. सून धडधाकट घरी आली तर शिवरात्रीला तुझ्या दारात पायी येईन. सासू सुनेसाठी नवस बोलते हे आमच्या गल्लीत नवलच होतं. बायका मला म्हणायच्या, तू काय खाऊ घातलंस गं म्हातारीला?

मी घरी आले, हळूहळू उठून कामाला लागले, आणि नेमक्या त्याच हिवाळ्यात सासूबाई न्हाणीच्या दारात घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण त्यानंतर त्यांना फार वेळ बसवेना. पाय दुमडला की कळ मस्तकात जायची. मला वाटलं, संपला नवस. देवालाही दिसतंच की. पण ही बाई हार मानणारी नव्हे. सासूबाईंना मी आत्या म्हणते, आणि या आत्यांनी खाटेवर पडल्या पडल्या देवाशी नवा करार केला. पायी येणं जमत नाही ना, मग तुझ्या दारापर्यंत पाय जमिनीला लावणारच नाही. मी म्हटलं, "आत्या, हाऊ कोणता हिशोब?" त्या म्हणाल्या, "चालता येत नही तं पायले सुट्टी दिधी. त्याले पटनं शे." नाथबाबांना पटलं हे त्यांना कोणी सांगितलं, हे विचारायची सोय नव्हती.

आता आडवं पडून जायचं तर जायचं कसं? जीपमध्ये आडवं होता येत नाही. आमच्या ह्यांचं सगळं आयुष्य ट्रकवर गेलं. लग्नानंतरची पहिली दोन वर्षं मीसुद्धा त्यांच्या शेजारी केबिनमध्ये बसून फिरले आहे. त्यांच्या डोक्यात उपाय आला. विसरवाडीला हायवेवर माझ्या भाच्याची चहा-नाश्त्याची गाडी आहे. गाडी म्हणजे जीपमागे जोडायची छोटी दोन चाकी ट्रॉली. तिच्यावर पत्र्याची खोली, बाजूला वर उचलायची खिडकी, मागे दार. ती आम्ही मागून आणली. आतली शेगडी आणि बरण्या काढल्या आणि तिथे लाकडी खाट स्क्रूनं पक्की बसवली. वरच्या फळीवर भज्यांची मोठी लोखंडी कढई दोरीनं बांधलेली होती. ती काढायची कटकट कोणी केली नाही. बाहेरच्या पत्र्यावर लाल अक्षरात 'गरम चहा, भजी' लिहिलेलं होतं, तेही तसंच राहिलं. शिवरात्रीच्या सकाळी गल्लीतल्या चौघांनी आत्यांना गादीसकट उचलून आत ठेवलं. चाकांखाली लिंबं चिरडली, नारळ फोडला. ह्यांनी मात्र जीपमध्ये जॅक, पाना आणि ट्रकवरचे जुने सागवानी ठोकळे टाकले. लिंबाचं काम लिंबू करंल, ठोकळ्याचं काम ठोकळा करंल, असं ते नेहमी म्हणतात.

मी माझा पाट घेतला. हा पाट सासऱ्यांच्या हातचा. जाड शिसवी, चारी कोपऱ्यांना पितळेची फुलं. आमच्या घरात त्यावर नैवेद्याशिवाय काही ठेवत नाहीत. त्यावर बसायचं नाही, त्याला पाय लागला तर पाया पडायचं. आत्यांनी मला लग्नानंतर पहिल्यांदा शिकवलं ते हेच. तो स्वच्छ धुतलेल्या कापडात गुंडाळून मी मांडीवर घेऊन बसले.

शहादा मागे पडलं, घाट लागला. पळस पेटलेले होते, रस्त्यानं भरलेल्या जीपगाड्या, मोटारसायकली, चालणारी माणसं. आत्या खिडकी किलकिली करून बघत होत्या आणि मधूनमधून पत्र्यावर चमचा वाजवून आम्हाला हाक मारत होत्या. एका चढावर मागून फटकन आवाज आला आणि जीप ओढल्यासारखी झाली. ट्रॉलीचं डावं टायर फुटलं होतं. हे जराही घाबरले नाहीत. चढावर गाडी उचलायची नसते म्हणून अगदी सावकाश, पायी चालायच्या गतीनं, पुढच्या वळणापर्यंत नेली. तिथे एका मोहाखाली थोडी सपाट, मोकळी जागा होती. रस्त्यावरून पूर्ण बाजूला घेतली.

मग ह्यांची ती पद्धत सुरू झाली, जी मी ट्रकवर शंभरदा पाहिलेली. जीपचा हँडब्रेक ओढून ती गिअरमध्ये ठेवली. ट्रॉली जीपपासून सोडली नाही, कारण सुटी ट्रॉली उचलली की ती पळते. जीपच्या चाकांना दगड, ट्रॉलीच्या चांगल्या चाकाला पुढून आणि मागून दगड. हे दगड मीच आणले आणि पायानं ठोकून बघितले. चाक जमिनीवर असतानाच त्यांनी नट थोडे थोडे ढिले केले, कारण उचलल्यावर जोर लावला तर गाडी हलते. एवढं झालं आणि ते म्हणाले, "आते मायले बाहेर काढ."

गाडीत माणूस ठेवून जॅक लावायचा नाही, हा त्यांचा नियम. ट्रकमध्ये झोपलेल्या क्लीनरलाही ते उठवून खाली उतरवायचे. मी दार उघडून आत्यांना सांगितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"मी उतरत नही. पाय टेकना का नवस मोडना."

उचलून गादीसकट खाली ठेवतो, म्हटलं. त्या म्हणाल्या, गादी टेकली तरी मीच टेकले. तसंही आम्ही दोघं त्यांना उचलणार कसं? ह्यांचा उजवा खांदा आखडलेला, माझ्या पोटावरचा टाका अजून ओढायचा, आणि त्यांच्या खुब्यात लोखंड. एक हिसका बसला तर नवसाआधी खुबा मोडायचा. येणाऱ्या-जाणाऱ्या जीपना मी हात केला, पण चढावर, वळणावर, छतापर्यंत भरलेली गाडी कोण थांबवणार? दोष कोणाचाच नव्हता.

ऊन चढत होतं. पत्रा तापत होता. ह्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं आणि हळूच म्हणाले, "मायनं वजन ते कितलं? पडेल ऱ्हाऊ दे. झटकन बदलाई लेसू." आयुष्यभर जे केलं नाही ते करायला हा माणूस तयार झाला होता, कारण आई ऐकत नव्हती. मला एवढा राग आला, की सांगता सोय नाही. ह्यांचा आला, आत्यांचा आला आणि सगळ्यात जास्त त्या वर बसलेल्याचा आला. मी म्हटलं, जॅकला हात लावाल तर बघा. आत्यांना म्हटलं, तुम्ही हट्टी तर मी तुमचीच सून. त्या उतरत नाहीत आणि मी गाडी उचलू देत नाही. तिघंही तिथेच अडून बसलो.

मी मोहाच्या बुंध्याशी जाऊन उभी राहिले आणि मनातल्या मनात नाथबाबांना चांगलं फैलावर घेतलं. तुम्ही दोघांनी सौदा केलात, माझ्या जिवावर केलात, आणि आता मला मध्ये उभं केलंत. ती माझ्यासाठी बोलली होती. तिला काही झालं तर हा मिळालेला जीव घेऊन मी काय करू? नवस मोडला तर ती अन्नाला शिवणार नाही, हे तुलाही ठाऊक आहे. मला काही सुचत नाही. माझे हात टेकले. तूच बघ. ही प्रार्थना होती की भांडण, ते मला आजही कळत नाही. पण 'हात टेकले' हे मी खरंच म्हटलं, आणि मी ते सहसा म्हणत नाही.

तेवढ्यात खिडकीच्या पत्र्यावर टकटक झालं. पायी निघालेली पावरा आदिवासी माणसं होती, एकाच पाड्यावरची असावीत. पुरुषांच्या खांद्यावर निशाणाचा लांबलचक बांबू, बायकांच्या डोक्यावर गाठोडी, एकाच्या गळ्यात ढोल. पुढच्या बाईनं गाडीवरची लाल अक्षरं वाचली असतील किंवा नुसती खिडकी बघितली असेल. तिनं विचारलं, "बाई, चाय आहे?"

आतून आत्यांचा आवाज आला, "चहा नही शे, माय. आठे म्हतारी शे."

ती बाई आधी दचकली आणि मग इतकी हसली, की तिच्यामागची सगळी माणसं हसायला लागली. मलाही त्या रागात हसू फुटलं. मग मी तिला सगळं सांगितलं, टायर, खुबा, नवस. तिनं नवसाचं कारण विचारलं नाही, वेडेपणा आहे असंही म्हटलं नाही. तिला फक्त काय करायचं ते कळायला हवं होतं.

"पाय नाही लावायचा ना? मग झोळी करू," ती म्हणाली. "आमच्या पाड्यावर गाडी नाही येत. दुखणेकरी माणूस असाच आणतो आम्ही."

तिनं त्यांच्या भाषेत चार शब्द सांगितले आणि माणसं कामाला लागली. बांबूवरचं निशाण त्यांनी सोडलं नाही, टोकाला गुंडाळून बांधलं. दोन जाड चादरी बांबूला अशा बांधल्या, की मध्ये लांब पाळणा झाला. आतली खाटेची गादी चहूबाजूंनी धरून त्यांनी आत्यांना सरळच्या सरळ दारातून बाहेर काढलं. पाय कुठे दुमडला नाही, कुठे आपटला नाही. गादीसकट त्या झोळीत गेल्या आणि दोन पुरुषांनी बांबू खांद्यावर घेतला. पुढच्या बाईचा हात सारखा आत्यांच्या खुब्याखाली होता. आमच्या आत्या, ज्यांनी स्वतःच्या दुखण्यातही मला पाण्याचा तांब्या उचलू दिला नाही, त्या अनोळखी माणसांच्या खांद्यावर लटकून डोळे मिटून पडल्या होत्या. झोळी जमिनीला टेकवायची नव्हती म्हणून ती माणसं मोहाच्या सावलीत उभीच राहिली. एक थकला की दुसरा त्याच्या खांद्याखाली खांदा घालत होता.

आता गाडी रिकामी होती. हे म्हणाले, "जमीन पोची शे. तो पाट दे."

रस्त्याकडेची माती मऊ होती. ठोकळे गाडीखाली आधाराला लागणार होते. जॅकखाली काहीतरी जाड, रुंद हवं होतं, एवढं मलाही कळत होतं. पण पाट? मी तो छातीशी धरला. "देवना पाट शे हाऊ. जॅकखाले ठेवतस का कोणी?" त्यांनी वाद घातला नाही. खाटेखाली एक पातळ प्लायवुडचा तुकडा होता, मी तो काढून दिला. मला वाटलं, भागलं.

त्यांनी जॅक पत्र्याला नाही, आसालाही नाही, तर आसाजवळ चासीच्या मजबूत पट्टीखाली लावला. हळूहळू उचललं. चाक जमिनीपासून सुटलं तसे चासीखाली सागवानी ठोकळे सरकवले आणि त्यांच्या शेजारी स्टेपनी आडवी घातली. जॅक उचलतो, पण धरून ठेवतो तो ठोकळा, हे वाक्य त्यांनी जन्मभर सगळ्यांना ऐकवलं आहे. नट काढले, फुटलेलं चाक ओढलं आणि ते घेऊन बाजूला झाले. त्याच वेळी प्लायवुड कड्कन मोडलं. जॅक मातीत कलला आणि ट्रॉली धप्पकन ठोकळ्यांवर बसली. फार खाली आली नाही, चार बोटंही नाही. पण आत जोरात काहीतरी आदळलं.

झोळीतून आत्यांनी विचारलं, "काय पडनं व?"

ह्यांनी दार उघडून आत बघितलं आणि तिथेच पायरीवर बसले. मी गेले. फळीवरची दोरी तुटून भज्यांची ती लोखंडी कढई खाटेवर आली होती. उशी अजून तिथेच होती, तिच्यात डोक्याचा खळगा तसाच होता, आणि कढई नेमकी त्या खळग्यात पालथी पडली होती.

याचा अर्थ लावायला मी बसत नाही. दोरी जुनी होती, प्लाय पातळ होता, कढई काढायला आम्ही विसरलो होतो. सगळ्याला कारण आहे. चहाची पाटी बघून त्या माणसांना चहा हवासा वाटला, यालाही कारण आहे, ते दुरून उन्हातून चालत आले होते. पण मी त्या उशीकडे बघितलं आणि मला रडू आवरेना. मोठ्यानं, हुंदके देत रडले. ती पावरा बाई माझ्याजवळ आली, आत डोकावून बघितलं आणि माझ्या पाठीवर नुसता हात ठेवून उभी राहिली.

रडून झाल्यावर मी डोळे पुसले, जीपमधून पाट आणला, वरचं कापड काढलं आणि मातीत गुडघे टेकून माझ्या हातांनी जॅकखाली ठेवला. पितळेची फुलं खाली, सपाट बाजू वर. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, उचला. पाट करकरला, पण हलला नाही. ट्रॉली सरळ वर गेली, स्टेपनी निघाली, ती चाकाच्या जागी बसली. नट आधी हातानं, मग गाडी खाली टेकवून पान्यानं समोरासमोरचे घट्ट आवळले. कढई मी स्वतः जीपमध्ये, पायाशी नेऊन ठेवली. पाट मातीनं माखला होता आणि मधोमध जॅकच्या बुडाचा गोल खड्डा उमटला होता.

आत्यांना पुन्हा आत ठेवून ती माणसं जंगलातल्या पायवाटेनं निघून गेली. चहा द्यायचा राहिला म्हणून मला चुटपुट लागली. वर पोचलो तर गाड्या दूरच अडवलेल्या. देवळापर्यंत सगळी गर्दी, आणि आत्यांना उचलून नेणार कोण? पण पायवाट जवळची पडते. ती सगळी मंडळी आमच्या आधी पोचून गाड्यांच्या वाटेवरच टेकली होती. आमची लाल अक्षरं दिसताच ती बाई उठली आणि लांबूनच ओरडली, "आता तरी चाय?" मी शेजारच्या टपरीवरून सगळ्यांना चहा पाजला, आणि त्यांनी न सांगता बांबू पुन्हा खांद्यावर घेतला.

नाथबाबांच्या उंबऱ्याशी आत्यांचे पाय जमिनीला लागले. दोन्हीकडून आधार घेऊन त्या क्षणभर उभ्या राहिल्या, मला नीट न्याहाळलं आणि मग देवाकडे बघितलं. "हाई दख, लई उनू," हे बघ, घेऊन आले, एवढंच म्हणाल्या. त्यांनी पाय आणले असं म्हटलं की मला, हे मी विचारलं नाही. मी मळका पाट पदरानं पुसून पुढे ठेवला, बेलाची पानं आणि रताळ्याचा शिरा मांडला. पाट बघून त्या रागावतील असं मला वाटलं होतं. त्यांनी त्या खड्ड्यात नुसतं बोट फिरवलं.

शरण जाणं म्हणजे हात बांधून बसणं, असं मला आधी वाटायचं, म्हणून ते मला कधी जमलं नाही. त्या वळणावर मला जे कळलं ते एवढंच, की दगड लावायचे, ठोकळे घालायचे, नट आवळायचे, हे सगळं आपलं. त्यात कसूर करायची नाही. आणि हे सगळं करूनही जिथे आपला खांदा पुरत नाही, तिथे दुसऱ्याच्या खांद्यावर निमूट चढायचं. आत्या आता घरातून कोणी गाडी काढली की खाटेवरून बजावतात, "आधी चाकले दगड लाव, मंग देवनं नाव ले." त्या माणसांचा पाडा कोणता, हे विचारायचं आमच्या लक्षातच आलं नाही. रोज दिवा लावताना मी त्या बाईचा तो पाठीवरचा हात आठवते.

परवा गल्लीतला सुतार दार दुरुस्त करायला आला होता. मी त्याला पाट दाखवून म्हटलं, रंधा मारून एवढा खड्डा काढून दे, देवाला बरा दिसत नाही. आत्या आतल्या खोलीत झोपल्या आहेत असं मला वाटत होतं. तिथून आवाज आला.

"हात लावू नको रे त्याले. तठेच ते देव बसना व्हता."